सूचनांवर मतं कशी घ्यावीत? वाचनालयं, तालीम मंडळं आणि सोसायट्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरकराला निवडणूक शिकवावी लागत नाही. दूध संघ, साखर कारखाना, पतसंस्था, तालमीची कार्यकारिणी, सगळीकडे पॅनेल बांधणारी माणसं घरोघरी सापडतात. सूचनांवरची मतं मात्र वेगळ्या जातीची असतात. तिथे कुणाला पाडायचं नसतं. पन्नास सूचना आल्या तर आधी कोणती वाचायची, पैसे आधी कशावर घालायचे, एवढंच ठरवायचं असतं. निवडणुकीची सवय इथे जशीच्या तशी वापरली की घोळ होतो. शहरातल्या छोट्या संस्थांकडून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

सूचनापेटी आहेच की. मतं कशाला?

पेटीतली चिठ्ठी फक्त सचिव वाचतात. ती एकट्याची मागणी आहे की दोनशे जणांची, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. मग जो रोज काउंटरवर येऊन बोलतो त्याचंच काम होतं. सूचना सगळ्यांसमोर लावली आणि तिच्याखाली मत द्यायची सोय केली, की न बोलणाऱ्या सभासदाचाही कल दिसतो.

वाचनालयाला याचा उपयोग सर्वात जास्त. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, म्हणजे इथली वाचकांची परंपरा पावणेदोनशे वर्षांची. पण छोट्या वाचनालयाची ग्रंथखरेदी बहुतेक वेळा दोन-तीन जणांच्या आवडीवर चालते. खरेदीच्या यादीवर वाचकांची मतं घेतली की कपाटात न उघडलेली पुस्तकं साचणं कमी होतं.

फक्त ‘हवं’ ठेवायचं की ‘नको’ही?

हे विषयावर ठरतं. पुस्तकखरेदी, व्याख्यानांचे विषय, सहलीचं ठिकाण यांना ‘नको’ची गरज नाही. मला विज्ञानकथा आवडत नाहीत म्हणून दुसऱ्याच्या मागणीवर फुली मारण्यात काही अर्थ नाही. ती मतं पुस्तकावर कमी आणि सुचवणाऱ्यावर जास्त पडतात.

पण एकाची सोय दुसऱ्याची गैरसोय होत असेल, म्हणजे पार्किंगची जागा, पाणी सोडायची वेळ, मंडपाची दिशा, स्पीकरचा आवाज, तर विरोध नोंदवायला जागा हवीच. तिथे आम्ही तीन खाने सुचवतो: ‘हवं’, ‘चालेल’, ‘अडचण आहे’. तिसऱ्या खान्यात खूण करणाऱ्याने अडचण एका ओळीत लिहायची. ‘नको’ लिहिलं की भांडण लागतं. ‘अडचण आहे’ लिहिलं की पुढे आपोआप ‘कसली?’ हा प्रश्न येतो आणि पुष्कळदा सूचनाच सुधारते.

मोठ्या संकेतस्थळांनीही हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या ठिकाणी एखाद्याच्या उत्तराला विरोधी मत दिलं की देणाऱ्याचाही एक गुण कापला जातो, म्हणजे उगाच कुणी देत नाही. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचं बटण तसंच ठेवलं, पण त्याचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला.

फलकावर मतदान घ्यायचं तर काय काय लागेल?

थर्माकोल किंवा सॉफ्टबोर्डचा साधारण चार बाय तीन फुटांचा फलक, पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं, टाचण्या, आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे गोल स्टिकर. बिंदीच्या टिकल्या स्वस्त पडतात, पण कागदावर त्या नीट टिकत नाहीत आणि उचलून दुसरीकडे लावता येतात. कार्डं बॉलपेननेच लिहा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्केचपेनची शाई पसरते आणि आकडे वाचता येत नाहीत. फलक दारात न लावता आत, काउंटरवरून दिसेल अशा भिंतीवर लावा.

एका कार्डावर एकच सूचना, जास्तीत जास्त पंचवीस शब्द. वर अनुक्रमांक आणि तारीख. सुचवणाऱ्याचं नाव कार्डावर नको, ते वहीत असू द्या. नाव दिसलं की मतं नावाला पडतात.

स्टिकर किती द्यायचे याचा अंदाज: सूचनांच्या संख्येचा तिसरा ते चौथा भाग. बारा सूचना असतील तर माणशी तीन किंवा चार. एकच दिला तर प्रत्येक जण स्वतःच्या सूचनेवर लावतो आणि निकाल काहीच सांगत नाही. दहा दिले तर सगळ्याच कार्डांवर ठिपके होतात. एका कार्डावर एका माणसाचा एकच स्टिकर, हा नियम फलकाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा. स्टिकर देताना सभासद-यादीत नावापुढे खूण करा.

कार्डांच्या जागा दर दोन दिवसांनी बदला. डोळ्यांच्या उंचीवरच्या आणि डावीकडून पहिल्या कार्डाला मतं आपसूक जास्त पडतात, ती सूचना चांगली असते म्हणून नव्हे.

ज्यांना वाचता येत नाही किंवा बारीक अक्षर दिसत नाही, त्यांचं काय?

चिंचोके. प्रत्येक सूचनेसाठी एक अपारदर्शक डबा, झाकणाला बोटभर छिद्र, डब्यावर सूचनेचं चित्र. प्रत्येकाला तीन चिंचोके द्यायचे. दोन गोष्टी विसरू नका. डब्याच्या तळाशी कापड घाला, नाहीतर चिंचोका पडल्याच्या आवाजावरून कोणत्या डब्यात मत गेलं हे बाहेर बसलेल्याला कळतं. आणि मोजताना वजन करू नका, हाताने मोजा. चिंचोके लहानमोठे असतात.

लाल आणि हिरवा असे दोन रंग वापरू नका. बऱ्याच रंगांधळ्या माणसांना ते वेगळे ओळखता येत नाहीत. आकार वेगळे ठेवा.

चालू मतदानाचे आकडे सगळ्यांना दिसू द्यावेत का?

शक्यतो नाही. पारदर्शकता हवी म्हणून पुष्कळ मंडळं आकडा रोज जाहीर करतात. हेतू चांगला असतो, पण निकाल बिघडतो. मच्निक, अरल आणि टेलर या तिघांचा प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ मध्ये आला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर वाचकांच्या काही प्रतिक्रियांना त्यांनी मजकूर न पाहता, चिठ्ठी काढून निवडावं तसं, सुरुवातीलाच एक अनुकूल मत दिलं. पुढच्या पहिल्याच वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटची सरासरी २५ टक्क्यांनी वर गेली. एका मताने एवढा फरक! सुरुवातीला दिलेल्या प्रतिकूल मताचा परिणाम मात्र नंतरच्या वाचकांनी भरून काढला.

फलकावर ठिपके दिसणारच. मग काय करायचं? प्रत्येक कार्डाखाली पाकीट चिकटवा आणि स्टिकरऐवजी शिक्का मारलेली चिठ्ठी पाकिटात टाकायला सांगा. पाकिटं शेवटच्या दिवशी दोन सभासदांसमोर उघडा. ही एवढीशी तजवीज बाकी सगळ्या नियमांपेक्षा जास्त काम करते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मतं मोजली. आता क्रम कसा लावायचा? जास्त मतांची सूचना वर, एवढंच ना?

‘हवं’ एवढा एकच खाना असेल आणि सगळ्या सूचना एकाच दिवशी लागल्या असतील, तर हो, एवढंच. दोन बाजूंची मतं असतील तर मात्र तसं चालत नाही, आणि सर्वात जास्त चुका इथेच होतात.

तीन सूचना घेऊ. पहिलीला ६० ‘हवं’, १० ‘अडचण’. दुसरीला २०० ‘हवं’, १५० ‘अडचण’. तिसरीला ५ ‘हवं’, विरोध शून्य.

वजाबाकी केली तर पहिलीचे ५० आणि दुसरीचेही ५०. म्हणजे सातांतल्या सहांना हवी असलेली सूचना आणि पेठ उभी दुभंगणारी सूचना एकाच पायरीवर. वजाबाकी इथेच बाद होते. टक्केवारी काढली तर तिसरी १०० टक्के घेऊन पहिली येते, आणि ती पाच माणसं एकाच घरातली असू शकतात.

यावर एडविन विल्सन या अमेरिकन गणितज्ञाने १९२७ मध्ये मांडलेलं सूत्र उपयोगी पडतं. रेडिट या संकेतस्थळाने प्रतिक्रियांचा क्रम लावायला २००९ पासून तेच घेतलं. कल्पना सोपी आहे: मतं कमी असतील तर टक्केवारीवर भरवसा कमी ठेवायचा, आणि सर्व सभासदांनी मत दिलं असतं तर निदान किती टक्के अनुकूल निघाले असते, याचा सावध अंदाज धरायचा. एक्सेलच्या तक्त्यात असं मांडा:

अनुकूल भागिले एकूण, हा झाला अंश.
क = अंश + (१.९२ ÷ एकूण).
ख = १.९६ × वर्गमूळ [ अंश × (१ − अंश) ÷ एकूण + ०.९६ ÷ एकूणचा वर्ग ].
गुण = (क − ख) ÷ (१ + ३.८४ ÷ एकूण).

वरच्या तिघींचे गुण येतात: पहिली ०.७६, तिसरी ०.५७, दुसरी ०.५२. आता क्रम मनाला पटतो. ‘चालेल’ ही मतं यात कुठेच धरायची नाहीत, ती वेगळी लिहा.

एवढं गणित आमच्या सचिवांना जमणार नाही.

मग हाताने होणारी युक्ती वापरा. प्रत्येक सूचनेला आपल्या मनाने दोन ‘हवं’ आणि दोन ‘अडचण’ मतं जोडा, आणि मग टक्केवारी काढा. ६० आणि १० चे होतात ६२ भागिले ७४, म्हणजे ८४ टक्के. ५ आणि ० चे ७ भागिले ९, म्हणजे ७८. २०० आणि १५० चे ५७. क्रम तोच आला.

या युक्तीची मर्यादाही सांगायला हवी. ५ आणि ० ला ७८ टक्के मिळतात, आणि ४० ‘हवं’ व १० ‘अडचण’ असलेल्या सूचनेलाही नेमके तेवढेच. विल्सनच्या सूत्रात या ४० आणि १० च्या सूचनेला ०.६७ मिळून ती पुढे जाते. म्हणून हाताने मोजताना टक्केवारी सारखी आली तर जास्त मतं असलेली सूचना वर ठेवा, आणि दहापेक्षा कमी मतं पडलेल्या सूचना क्रमात न धरता ‘आणखी मतं हवीत’ अशा वेगळ्या रांगेत लावा.

एकच गोष्ट तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत सुचवली तर?

मतविभागणी होते, ती काय करते हे कुणाला सांगायला नको. ‘स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्या’, ‘राज्यसेवेची पुस्तकं घ्या’, ‘अभ्यासिकेसाठी पुस्तकं घ्या’ या तिघींना तीस-तीस मतं पडतात आणि चाळीस मतांची दुसरीच सूचना वर जाते. मतदान सुरू होण्याआधीच अशा सूचना, सुचवणाऱ्यांना विचारून, एक करा.

मतदान चालू असताना लक्षात आलं तर मतांची सरळ बेरीज करू नका. एकाच माणसाने तिन्हींना मत दिलेलं असू शकतं. चिठ्ठीवर सभासद क्रमांक असेल तर तो पाहून प्रत्येकाचं एकच मत धरा. क्रमांक नसेल तर मतं जोडायची नाहीत, पुढच्या फेरीत नव्याने घ्यायची.

जुन्या सूचना कायम वरच राहतात, नव्या दिसतच नाहीत.

सहा महिने लावलेल्या कार्डाला सहा महिन्यांची मतं आणि कालच्या कार्डाला एका दिवसाची. ही तुलनाच चुकीची आहे. फेऱ्या ठेवा: महिन्याच्या १ तारखेला सगळी कार्डं एकदम लावायची, दहा दिवस मतदान, मग फलक मोकळा. फेटाळली न गेलेली सूचना सुचवणाऱ्याने मागितलं तर पुढच्या फेरीत शून्यापासून परत.

व्हॉट्सॲपचा पोल पुरेसा नाही का?

सहलीला कुठल्या रविवारी जायचं यासाठी पुरेसा आहे. गंभीर विषयाला नाही. पोलमध्ये जास्तीत जास्त १२ पर्याय बसतात, आकडे पहिल्या मतापासून दिसतात, आणि कुणी काय निवडलं हे ग्रुपमधल्या सगळ्यांना नावासकट कळतं. ज्या घरमालकाच्या खोलीत भाडेकरू राहतो, त्याच्याविरुद्ध तो असं उघड मत देणार नाही. शिवाय ग्रुपमध्ये नसलेली माणसं मतदानाबाहेरच राहतात.

गूगल फॉर्म?

बरा पर्याय आहे. तीन गोष्टी करा. पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलण्याची सोय चालू करा, म्हणजे पहिल्या जागेचा फायदा कुणा एकाला मिळत नाही. उत्तरं देणाऱ्यांना निकालाचा गोषवारा दिसणार नाही असं ठेवा. आणि सभासद-वर्गणीच्या पावती क्रमांकाचा रकाना सक्तीचा करा. एका खात्यावरून एकच उत्तर, ही मर्यादा घातली तर गूगलवर लॉगिन करावं लागतं. ज्येष्ठांची तिथे अडचण होते आणि दोन खाती असलेला तरी दोनदा मत देऊ शकतो. पावती क्रमांक जुळवणं जास्त खात्रीचं.

आमच्यातलाच एक मुलगा मोबाइलवर बटणं करून देतोय. त्याला काय सांगायचं?

बेरीज साठवू नकोस, मतं साठव. प्रत्येक मताची एक ओळ: सभासद, सूचना, मत, वेळ. सभासद आणि सूचना ही जोडी एकदाच येऊ शकेल असं बंधन डेटाबेसमध्येच घाल. बटणावर दोनदा बोट पडलं किंवा नेट अडखळून तीच विनंती दोनदा गेली, तरी मत एकच राहील. तेच बटण पुन्हा दाबलं तर मत मागे घेतलं जावं, दुसरं दाबलं तर बदलावं.

नुसती लिंक उघडल्याने मत पडता कामा नये. ही चूक फार होते. लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की तिचं छोटं चित्र दाखवायला व्हॉट्सॲप स्वतःच ती उघडून पाहतं, आणि कुणी बोट न लावता मत पडतं. बटण दाबल्यावरच नोंद व्हायला हवी.

आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) पाहून ‘एका पत्त्यावरून एक मत’ असा नियम लावू नका. एका वसतिगृहाच्या वायफायवर शंभर मुलं असतात, आणि मोबाइल कंपन्याही अनेक ग्राहकांना एकच पत्ता वाटून देतात. प्रामाणिक माणसं अडतात आणि डेटा चालू-बंद करून नवा पत्ता मिळवणारा सुटतो.

बटण बोटाला सापडेल एवढं असू द्या. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात ४८ बाय ४८ ‘डीपी’ (पडद्यावरच्या मापाचं अँड्रॉइडचं एकक) हे माप दिलेलं आहे. नुसता अंगठा किंवा बाण न काढता शेजारी ‘हवं’ असा शब्द लिहा. अंध सभासद फोनवरचा आवाज ऐकून वापर करतात. बटणाला नाव दिलं नाही तर त्यांना ‘बटण, बटण’ एवढंच ऐकू येतं. आणि जास्तीची माहिती गोळा करू नका. मतासाठी सभासद क्रमांक पुरतो. जन्मतारीख, पत्ता, आधार यांचं काही काम नाही. वैयक्तिक डेटाबाबत २०२३ चा कायदा आहेच, पण तो नसता तरी हेच योग्य होतं.

एका संध्याकाळी चाळीस जण एकदम येऊन मत देऊन गेले. रद्द करायचं का?

ते सभासद असतील तर नाही. मित्रांना बोलावून आणणं हा गुन्हा नव्हे. पेठेत सगळं एकत्रच चालतं. सभासद नसतील तर त्यांना चिठ्ठीच मिळायला नको होती, म्हणजे चूक काउंटरवर झाली आहे. बाहेरच्यांच्या चिठ्ठ्या आता ओळखता येत नसतील तर ती फेरीच पुन्हा घ्या. निकाल आवडला नाही म्हणून नंतर नियम काढू नका. सभासदत्वाची तारीख, मुदत, माणशी मतं हे सगळं पहिल्या दिवशी फलकावर लिहा. ‘फेरी सुरू होण्याआधी तीस दिवस सभासद असलेले’ एवढी एक ओळ घाऊक नोंदणी रोखायला पुरते.

मतं नेहमी त्याच वीस जणांची येतात.

पेटी कुठे आणि कधी ठेवता ते पाहा. तालमीत रात्री नऊनंतर ठेवली तर बायकांची मतं येणार नाहीत, हा त्यांचा निरुत्साह नव्हे. हळदी-कुंकवाच्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळी, सकाळी दूध घ्यायच्या रांगेजवळ अशी पेटी फिरवा. प्रत्येक ठिकाणच्या चिठ्ठ्यांचा रंग वेगळा ठेवला तर कुठून किती आली हे मत न फोडता कळतं, आणि पुढच्या वेळी पेटी कुठे जास्त वेळ ठेवायची तेही.

कुठल्या गोष्टीवर मत घेऊच नये?

ज्यावर माणसाचा हक्क आहे तिच्यावर. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा का, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह हवं का, विजेची उघडी वायर झाकायची का, या सूचना फलकावर लावूच नका. उतार वापरणारा एकच सभासद असेल तर त्याला एकच मत पडणार, आणि तो हरल्याचं सगळ्यांना दिसणार. असं काम कार्यकारिणीने थेट करायचं असतं. एखाद्या व्यक्तीबद्दलची तक्रारही मतदानाला ठेवायची नाही.

फलकावर ठरलं म्हणजे सोसायटीच्या सभेत ठराव करायची गरज नाही?

गरज आहे. फलकावरची मतं म्हणजे कल. खर्च, नियमबदल यांना सभेचा ठराव लागतोच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभेत सभासदाला एक मत असतं, आणि समसमान मतं पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत. फलकावर समान मतं पडली तर अध्यक्षांना मध्ये आणू नका. सगळ्यांसमोर चिठ्ठी काढा, किंवा दोन्ही सूचना पुढच्या फेरीत फक्त एकमेकींसमोर ठेवा.

निकाल कसा लावायचा?

त्याच फलकावर, मुदत संपल्यापासून तीन दिवसांत. सूचना, दोन्ही बाजूंची मतं, गुण, आणि शेवटच्या रकान्यात ‘काय करणार, कोण, कधीपर्यंत’. वर आलेली सूचना पैशाअभावी होणार नसेल तर तेही आकड्यासकट लिहा. चिठ्ठ्या पुढची फेरी संपेपर्यंत बांधून ठेवा. कुणी फेरमोजणी मागितली तर त्याच्यासमोर सोडा आणि त्यालाच मोजू द्या.